हुकूम नव्हता

आमच्या घरात सही करता येणारा पहिला माणूस माझा थोरला भाऊ. तीही जेमतेम, अक्षरं मेंढरांसारखी एकमेकांना रेटत चाललेली. त्याच्या पुढचं सगळं शिक्षण मी केलं आणि ते त्याच्या पगारावर केलं. आमच्या भावकीत, आजोळात, आसपासच्या चार वस्त्यांत पहिला पदवीधर मी. मला याचा अभिमान होता आणि आजही आहे, उगीच नम्रपणा आणून तो लपवणार नाही. पण या शिक्षणानं घरातल्या एका बाईचं काय केलं तेही मलाच सांगायला हवं. दुसरं कुणी सांगणार नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते कळलेलंच नाही.

घर मेंढरं राखणाऱ्यांचं. तेरच्या खालच्या अंगाला, तेरणेच्या काठानं आमची वस्ती. वडील मी लहान असतानाच गेले. दादानं मेंढरं चुलत्याच्या कळपात घातली आणि तो निजामाच्या पोलिसात जवान म्हणून लागला. भरतीच्या वेळी त्याची उंची मोजली, छाती मोजली. पोहता येतं का, असं काही कुणी विचारलं नाही. खरं तर दादाला येणारी मोठी विद्या तीच. लोकर कातरायच्या आधी मेंढरं डोहात धुवावी लागतात. पाण्यात भेदरलेलं मेंढरू माणसाच्या अंगावर चढतं, त्याला खाली दाबतं. त्याला पुढून धरायचं नाही, मागून जायचं, मानेखाली हात घालायचा आणि काठाकडं ओढायचं, हे दादा दहाव्या वर्षी शिकला होता.

मी हैदराबादला कॉलेजात गेलो. तिथं सगळं उर्दूतून. दर महिन्याला दादाची मनिऑर्डर यायची आणि कुपनावर एकच ओळ असायची: 'सब खैरियत. दूध पीत जा.' ती ओळ ठाण्यातले मोहर्रिर लिहीत. मोहर्रिर म्हणजे ठाण्यातला लिहिण्याचं काम करणारा माणूस. हे म्हातारे होते, दाढी मेंदीनं रंगवलेली, दादावर त्यांचा जीव होता. मी त्यांना चाचा म्हणायचो. तीन वर्षांत ती ओळ बदलली नाही. दूध परवडत नव्हतं, पण ते मी कधी कळवलं नाही.

मी शेवटच्या वर्षाला होतो. हस्ताचा पाऊस चालू होता. वसतिगृहात तार आली, 'ताबडतोब या'. रेल्वे, मग मोटार, मग पायी असं करत मी चौथ्या दिवशी वस्तीवर पोचलो. माय दाराशी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आलास व्हय? तुझ्यासाठी थांबाया न्हाय आलं रं. देह तसा ऱ्हायला नव्हता."

काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. त्या दिवशी दादा एक समन्स बजावायला नदीपलीकडच्या गावी निघाला होता. संध्याकाळच्या आत ते पोचवून परत यायचं, एवढंच त्याच्याकडं काम. उतारावर आला तर पाणी चढलेलं. अलीकडं एक गुराखी उभा होता, त्याच्याशेजारी हाही पाणी उतरायची वाट बघत उभा राहिला. पलीकडून एका गाडीवानानं गाडी पाण्यात घातली. गाडीत त्याची म्हातारी आई आणि पाच-सहा वर्षांचं पोरगं. मधोमध आल्यावर बैलांचे पाय सुटले.

दादानं पटका काढला, कोट काढला, पट्टा-बिल्ला काढला. सगळ्याची घडी घातली. समन्स गुराख्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सरकारी हाय, भिजू देऊ नको." मग पाण्यात शिरला. आधी पोरगं आणलं. मग म्हातारीला आणलं, मागून, मानेखाली हात घालून. गाडीवान जुवाच्या दोरीत अडकला होता. त्याच्यासाठी दादा तिसऱ्यांदा गेला. दोघंही आले नाहीत. दोन दिवसांनी खाली कोसभरावर बाभळींच्या बेटात सापडले.

मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हातारी आमच्या घरी आली. तिचा मुलगा गेलेला, आमचा दादा गेलेला. ती ओसरीवर बसली आणि वहिनीचा हात धरून पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिली, "कुणी म्हटलं न्हाय गं त्याला जा म्हणून. कुणीच न्हाय. माझा ना नात्याचा ना गोत्याचा. आपणच आला गं बाई, आपणच आला."  मला ते वाक्य तिथंच पाठ झालं.

आता वहिनीचं सांगतो. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बोट धरून मला शाळेत पोचवणारी तीच. शाळा चुकवून मी मेंढरांत पळालो तर शिरपुटी घेऊन मागं येणारीही तीच. तिची दोन मुलं गेली होती, तिसरी मुलगी जगली होती. दादा गेला तेव्हा ती चार वर्षांची होती.

आमच्या लोकांत विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न करून देतात. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. पण त्याचे दोन कडक नियम असतात. पहिल्या नवऱ्याचं लेकरू बाईनं बरोबर न्यायचं नाही, ते बापाच्या घरचं. आणि पाट लागलेल्या बाईनं पहिल्या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही, पहिल्या घरच्यांनीही तिच्या दाराशी जायचं नाही. गेलं तर नव्या घराला कमीपणा येतो.

चौदाव्या दिवशी वहिनीचा भाऊ आला. तो माणूस वाईट नव्हता. स्वतः दुसऱ्याच्या शेतात राबणारा, घरी पाच तोंडं. तो मायला म्हणाला, "आत्या, माझ्या बहिणीला तुम्ही किती दिवस पोसणार? अन् कशावर?"

भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं हनुवटी केली. "दीर हाय की घरात. त्यानंच पाट लावावा. लेकरू बी इथंच, बाई बी इथंच."

मी काही बोलायच्या आत वहिनी आतून म्हणाली, "ह्यांची नाकं पुसलीत म्या मामंजी, असलं बोलू नगा." तो विषय तिथंच संपला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

मग मी वजीफ्याचं सांगितलं. सरकारी कामावर जवान मेला तर त्याच्या बायकोला दर महिन्याला वजीफा, म्हणजे पेन्शन मिळते, ती पुन्हा लग्न करीपर्यंत. मी ते कायद्याच्या पुस्तकात वाचलेलं होतं. "दादा साधा मेला नाही," मी म्हणालो. "दोन जीव वाचवून मेला. त्याला नाही देणार तर कुणाला देणार?"

वहिनीच्या भावानं विचार केला. "एक वरीस," तो म्हणाला. "एक वरीस बघतो. कागद आला तर ती हितंच ऱ्हाईल, लेकीजवळ. न्हाय आला तर म्या घेऊन जाणार. मग मला आडवू नगा."

म्हणजे सगळं वजीफ्याच्या अर्जावर आलं, आणि अर्ज लिहिणारा मी.

मी ठाण्यात गेलो. चाचांनी मला बसवलं, पाणी दिलं, डोळे पुसले आणि एक कोरा कागद पुढं सरकवला. म्हणाले, "बेटा, दोनच ओळी लिही. अमुक जवान सरकारी समन्स घेऊन जात असताना तेरणेच्या पुरात मरण पावला. बायको आणि एक मुलगी मागं आहे. वजीफा मिळावा. बस्स. खाली तुझ्या वहिनीचा अंगठा."

"मरण पावला?" मी म्हणालो. "चाचा, असं लिहिलं तर वाटेल पाय घसरून गेला. ओढ्याला वासरू जातं तसा."

"वाटू दे की."

"तो पाय घसरून नाही गेला."

"मला ठाऊक नाही का रे?" चाचा म्हणाले. "पण वाचणाऱ्याला काय करायचंय? त्याच्या टेबलावर रोज चाळीस कागद. तो फक्त बघतो, सरकारी काम होतं का, हो. मेला का, हो. मार सिक्का."

मी कागद घेतला आणि घरी येऊन तीन दिवस लिहीत बसलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं उर्दू मी त्या अर्जात लिहिलं. कॉलेजात शिकलेला एकेक शब्द त्यात घातला. नदीचं वर्णन होतं, म्हातारीचं होतं, घडी घातलेल्या वर्दीचंही होतं. आणि मधोमध, सगळ्याचा कळस म्हणून, ते वाक्य होतं. मराठीत त्याचा अर्थ असा: 'कुणाचाही हुकूम नसताना, हातातलं काम बाजूला ठेवून, केवळ आपल्या मनाच्या मर्जीनं त्यानं त्या पुरात उडी घेतली.'

ते वाक्य लिहून झाल्यावर मी रडलो होतो. ते खरं होतं आणि सुंदर होतं. दादाला आयुष्यभर सगळ्यांनी हुकूम सोडले. घोडं धर, पाणी आण, बूट पूस. एकदाच त्यानं कुणाचा हुकूम न ऐकता काही केलं. ते कागदावर यायलाच हवं होतं, असं मला वाटलं.

चाचांनी तीन पानं वाचली. चष्मा काढला. "अर्जी लिखरा के कसीदा, बेटा?" असं दखनीत म्हणाले. कसीदा म्हणजे स्तुतिकाव्य. मग हळू आवाजात, "हे एक वाक्य काढून टाक. काम बाजूला ठेवून, म्हणतोस. हुकूम नव्हता, म्हणतोस. कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"खरं तर मी सांगितलेलंही होतं."

"ते अर्धं होतं," मी म्हणालो. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि ते चौथी पास होते. हे मी बोललो नाही, पण त्यांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी कागद लखोट्यात घातला.

त्या दिवशी घरी मी अर्जाचा कच्चा खर्डा मराठीत वाचून दाखवला. माय पदर तोंडाशी धरून रडली. वहिनी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "भावजी, एवढं समदं लिहिलं म्हंजी देतील न्हवं?"

"न देऊन करतील काय?" मी म्हणालो. आणि हैदराबादला परत गेलो.

ते वर्ष मी शिकवण्या करून काढलं. दुपारी एकदाच जेवायचो. परीक्षा दिली, पास झालो. पदवी घेऊन वस्तीवर आलो तेव्हा मायनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच विचारलं, "कागदाचं काय?" कागदाचं काहीच नव्हतं. नोकरीचंही काही नव्हतं. पदवी असली तरी जागा निघायला लागते, आणि ती निघाली तर ओळख लागते, आणि आमची ओळख चाचांपर्यंतच. वहिनी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती. संध्याकाळी आली की मला एकच विचारायची, "आज टपाल आलं व्हतं का?" मी नाही म्हटलं की म्हणायची, "उद्या येईल." जसं काही मलाच धीर द्यायला हवा होता.

वर्ष भरायला महिना उरला असताना चाचा स्वतः वस्तीवर आले. त्यांची नोकरी संपली होती तरी ते तीन कोस चालत आले. हातात लखोटा होता. दारात उभं राहूनच दिला. मायनं चहा करते म्हटलं, पण ते बसले नाहीत. दादाच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आल्या वाटेनं गेले. मला जे सांगितलं होतं त्याची त्यांनी आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

जबाब चार ओळींचा होता. मयत जवानाला समन्स बजावणीचं काम होतं, नदीत उतरण्याचा हुकूम नव्हता, दरख्वास्तीत, म्हणजे अर्जात, तसं कबूल आहे, सबब वजीफा नामंजूर.

घरी मी एवढंच सांगितलं, "अडचण आहे. मी धाराशिवला जाऊन येतो."

जिल्ह्याच्या कचेरीत दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसल्यावर एका साहेबांसमोर उभं राहायला मिळालं. त्यांनी फाइल मागवली, अर्ज काढला आणि वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. वर बघून म्हणाले, "ही दरख्वास्त कुणी लिहिली?"

"मी."

"हैदराबादेत शिकलात?"

"होय साहेब. यंदा पदवी झाली."

"वाह. जबान खूब आहे तुमची. या खेड्यापाड्यातून असं लिहिणारा मी पाहिला नाही."

आणि मला बरं वाटलं. तिथं, त्या टेबलासमोर, भावाच्या मरणाचा कागद मध्ये असताना, एक क्षणभर माझी छाती फुगली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

"पण पाहा," साहेब म्हणाले आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "तुम्हीच म्हणता हुकूम नव्हता. तुम्हीच म्हणता काम बाजूला ठेवलं. नुसतं एवढं लिहिलं असतं की समन्स नेताना पुरात मेला, तर मी डोळे मिटून मंजूर केलं असतं. आता मी काय करू?"

"साहेब, दुसरी दरख्वास्त देतो."

"आणि ही कुठं जाईल?" त्यांनी फाइलच्या फितीला हात लावला. "हिच्यावर तुमचं नाव आहे, तुमच्या वहिनीचा अंगठा आहे. दुसरी वेगळी आली तर दोन्हींतली एक खोटी ठरेल. तुमचा भाऊ मोठा माणूस होता, माझा सलाम त्याला. पण वजीफा कामाचा असतो, मोठेपणाचा नाही."

तो माणूस चांगला बोलला. ओरडला असता तर मला भांडता आलं असतं.

वर्ष भरलं त्या आठवड्यात वहिनीचा भाऊ आला. उमरग्याकडचा एक बिजवर बघितला होता, पन्नाशीचा, घरात कानडी बोलणारे, दोन एकर बागायत. वहिनी मुकाट्यानं तयार झाली. मुलीला चुलत्याच्या वाड्यावर नवी व्यालेली मेंढी दाखवायला पाठवून दिलं होतं, ते वहिनीनंच सुचवलं होतं. निघताना ती मायच्या पाया पडली. मला म्हणाली, "तिच्या डोक्यात कोंडा व्हतोय. शिकेकाई लावत जा म्हणावं आत्याबाईंना." आणखी काही तरी म्हणणार होती. मग म्हणाली, "तुमी लई केलं भावजी. सरकारच तसलं, त्याला तुमी काय करणार?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं.  ती आणि तिचा भाऊ बांधावरून जाताना दिसेनासे होईपर्यंत मी उभा होतो, आणि मागून कोकरू छातीशी धरून मुलगी पळत येत होती, आईला दाखवायला.

पुढच्या चार-पाच वर्षांत पुष्कळ घडलं. रझाकारांचा धिंगाणा झाला, लोक गावं सोडून पळाले, निजामाचं राज्य गेलं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्यापुरतं झालं ते असं, की नव्या सरकारला जुने उर्दू कागद मराठीत करून देणारी माणसं हवी होती आणि मला त्याच कचेरीत नोकरी लागली. ज्या बाकावर मी दोन दिवस बसलो होतो त्याच्यासमोरून रोज जायचो. लोक मला मास्तर म्हणायचे, मी कधी शाळेत शिकवलं नव्हतं तरी.

जुन्या नामंजूर प्रकरणांवर पुन्हा विचार करायचा हुकूम निघाला तेव्हा मी दादाची फाइल शोधून काढली. नव्या साहेबांपुढं ठेवली. त्यांनी मला म्हटलं, "मराठीत सार लिहून द्या, दोन-चार ओळींत." मी दोन ओळी लिहिल्या. सरकारी समन्स घेऊन जात असताना तेरणेच्या पुरात मरण पावला. पाठीमागं पत्नी आणि एक मुलगी.

त्यांनी वाचलं आणि विचारलं, "पत्नी?"

"दुसऱ्या घरी दिली."

"मग तिचा हक्क संपला. मुलीला लग्न होईपर्यंत थोडी मदत बसेल." ते मला समजावून सांगत होते, जसं काही मला माहीत नव्हतं. "पण आईची लेखी कबुली लागेल. माझं पुन्हा लग्न झालं आहे, मयताची पत्नी म्हणून माझा काही दावा नाही, जे काही मिळेल ते मुलीला द्यावं. खाली अंगठा."

तो कागद घेऊन मी उमरग्याच्या मोटारीत बसलो. मुलीला बरोबर घेतलं. ती आता दहा वर्षांची होती, आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. वाटेत तिनं विचारलं, "काका, त्यांना काय म्हणायचं?"

"आई म्हण."

तिनं खिडकीबाहेर बघितलं.

त्या गावात घर विचारत गेलो तर दाराशीच म्हाताऱ्यानं अडवलं. तो वहिनीचा नवा नवरा. मी कोण ते सांगितल्यावर त्याचं तोंड कडू झालं. मोडक्या मराठीत म्हणाला, "पहिल्या घरचं माणूस दारात? रीत न्हाय ही. लोक काय म्हणतील आमाला?"

मी कागद काढला. वर छापील अक्षरं, कचेरीचा शिक्का. "मी पाहुणा म्हणून आलो नाही," म्हणालो. "सरकारी काम आहे. अंगठा घेऊन जायचंय."

शिक्का बघून तो बाजूला झाला. बाज टाकली.

वहिनी आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, केस कानाशी पांढरे झालेले. तिनं आधी माझ्याकडं बघितलं नाहीच. तिनं मुलीकडं बघितलं. मुलगी माझ्या मागं सरकली. वहिनी तिच्याकडं गेली नाही, भिंतीला टेकून खाली बसली, भेदरलेल्या मेंढराजवळ बसावं तशी, अंतर ठेवून. "केसं चांगली ऱ्हायलीत," एवढंच म्हणाली.

मग मला म्हणाली, "वाचून दाखवा."

मी वाचलं. 'मयताची पत्नी म्हणून माझा काही दावा नाही' इथं तिनं मला थांबवलं. तिनं विचारलं, "ह्ये लिवावंच लागतं व्हय?"

"लागतं."

तिनं अंगठा पुढं केला. मी शाई लावली. म्हातारा आत कुणाशी तरी कानडीत बोलत होता. मी खाली मान घालून सांगितलं. सगळं सांगितलं. चाचांनी काय सांगितलं होतं, मी काय लिहिलं, साहेबांनी कशावर बोट ठेवलं. "सरकारचं चुकलं नव्हतं वहिनी. माझं वाक्य होतं ते. ते नसतं तर तुम्ही आज घरी असता."

ती बराच वेळ अंगठ्यावरची शाई पदराला पुसत राहिली.

"हुकूम असता," ती शेवटी म्हणाली, "तर हुकूम देणाऱ्याला तरी शिव्या घातल्या असत्या म्या. रोज घातल्या असत्या. ह्यांनी तीबी सोय ठेवली न्हाय. घरी पोर हाय, बायकू हाय, कायबी मनात आलं नसंल का हो त्यांच्या? घडी घालायला येळ व्हता."

  तिनं मला माफ केलं की नाही हे मला त्या दिवशी कळलं नाही, पुढंही कळलं नाही.

तिनं उठून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली. मुलीपुढं ठेवली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती खायला लागली. वहिनी तिच्या हाताकडं बघत होती. घास कसा मोडते, पाणी कधी पिते, सगळं. अर्धी भाकरी झाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "तिखट हाय." वहिनी धावत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली, आणि देताना तिची बोटं मुलीच्या तळहाताला लागली तेवढीच.

म्हातारा बाहेर आला आणि दाराकडं बघून खाकरला. आम्ही उठलो.

वहिनी उंबऱ्याच्या आत थांबली. म्हातारा ऐकेल एवढ्या आवाजात तिनं मला विचारलं, "भावजी, ह्यो अंगठा पुन्ना लागंल का कदी?"

तो कागद एकदाच लागतो. एकदा फाइलला लागला की संपलं. नियम मला तोंडपाठ होता, मीच तर त्याचं मराठी केलं होतं. आणि मी असा माणूस, की दादाच्या मरणाच्या अर्जातही अर्धं खरं लिहायला तयार झालो नव्हतो.

"लागंल," मी म्हणालो. "दर वर्षाला लागंल. मुलीला समोर आणून. तसा कायदाच आहे."

म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण कायदा म्हटल्यावर काही बोलला नाही. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिला समजलं होतं.

पुढच्या वर्षी मी कचेरीतला एक रद्दी छापील कागद घेतला, मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात चार ओळी लिहिल्या, जुना शिक्का मारला आणि मुलीला घेऊन गेलो. त्याच्या पुढच्या वर्षीही गेलो. तिसऱ्या वर्षी मुलगी माझ्या आधी आत गेली. दर वेळी बाज बाहेर यायची, शाईची डबी निघायची, म्हातारा दाराशी उभा राहून सगळं रीतसर चाललंय ना ते बघायचा. तिसऱ्या का चौथ्या वर्षी त्यानं मला विचारलं, "मास्तर, सरकार एवढे अंगठे घेऊन ठेवतंय कुठं?"

"कचेरीत," मी म्हणालो. "कुलपात."

ते सगळे कागद माझ्या घरी आहेत.